दुपारी दोनचा चहा

आप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसाकडे नाही, छताकडे बघायचे. मग माणसाकडे, आणि बहुतेक वेळा कीव करत. माझ्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "गडी बरा दिसतोय, पर डोक्यावर तापलेला तवा घिऊन ऱ्हातोय."

खोटं नव्हतं. कारेगावात कंपन्या आल्या आणि शेतांतून पत्र्याच्या चाळी उगवल्या. आमच्या चाळीत बारा खोल्या, वीज असेल तेव्हा असेल. मालकाच्या गोठ्यात जर्सी गायींना पंखा होता. आम्हाला नव्हता, कारण आम्ही दूध देत नव्हतो. मी तेव्हा कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं काढायचो. वय तेवीस, आणि उद्गारचिन्हांचा साठा अमाप.

आप्पा कवठे येमाईचे. जन्म मेंढरांमागे गेला. शेवटी कळप विकून ते मुलाकडे, चाळीतल्या कडेच्या खोलीत राहायला आले. विकली नाही ती फक्त वाघर, मेंढरं कोंडायची जाळी. "आता कशाला ठेवलीत?" विचारलं तर म्हणाले, "आसू दी. कायतरी कोंडाया लागतंच."

त्या मे महिन्यात माझ्या शेजारच्या खोलीत बिहारची पूनम बाळंत झाली. बारा दिवसांचं पोर घामोळ्यांनी लालभडक, दिवसभर किंचाळायचं, दूध ओढेना. "बाबा, ये सोता ही नहीं," म्हणत ती आप्पांपुढे रडली. "भाजल्यावर कोन झोपंल, पोरी?" एवढंच म्हणून आप्पा बाहेर पडले. शेजारच्या शेतात ऊस तोडून पाचट जाळायला ठेवलं होतं. ते मागून आणलं, पूनमच्या पत्र्यावर हातभर जाड अंथरलं, पाणी मारलं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून वाघर ताणून बांधली. दुसऱ्या दुपारी पोर दूध पिऊन झोपलं. पहिल्यांदाच.

त्याच संध्याकाळी घरमालक बुलेटवरून उतरला. "आप्पा, माझ्या चाळीचा गोठा केलाय का? उद्यापर्यंत उतरवा, न्हाईतर त्या बाईला खोली खाली करायला सांगा."

मी पेटलो. लगेच पत्रकाचा मजकूर लिहिला: 'माणसं भाजणाऱ्या घरमालकांनो, जबाब द्या!' आप्पांना वाचून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, दुमडला आणि पूनमच्या पोराला त्यानं वारा घालत म्हणाले, "लई कामाचा हाय. आजून हायेत का?"

मग मालकाच्या दारात जाऊन नम्रपणे म्हणाले, "शेठ, उद्या दुपारी दोनला चहाला या. बसून मिटवू."

बैठक माझ्या खोलीत. माझ्या पत्र्यावर पाचट नव्हतं. वीज गेलेली. "झळ येतीया," म्हणत आप्पांनी दार ओढून घेतलं, स्टोव्ह पेटवला आणि मेंढरांच्या गोष्टी काढल्या. कोकणात कुठल्या वाटेनं उतरायचे, कुठली मेंढी कुठं व्याली, सगळं. मालकाचा सफारी पाठीला चिकटला.

"आप्पा, मुद्द्याचं बोला."

"बोलतो की. घाई कसली, तुमचंच घर हाय. तर उनाचं मेंढरू काय करतं ठावं हाय का? दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं घालतं. समद्यांची डोकी सावलीत, ढुंगनं उनात. ह्या पोराची युनियन म्हंजी तीच बघा."

मला राग आला. हसूही आलं. मालकाला दोन्ही जमेना, तो नुसता घाम पुसत होता.

अर्ध्या तासानं आप्पा उठले. "चला, आता ती खोली बघू." पूनमच्या खोलीत मालक टेकला. पोर झोपलेलं, मुठी उघड्या टाकून. मालकानं पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, उठायचं नाव घेईना. शेवटी हळूच म्हणाला, "आप्पा, माझा स्लॅबबी लई तापतो हो. तेवढा..."

"टाकू की," आप्पा म्हणाले. "आधी ह्या आकरा खोल्या हुंद्या."

माझ्या पत्रकातली एकही मागणी तोवर कुणी मान्य केली नव्हती.

दोन वर्षांनी आप्पा गेले. दहाव्याला मी कवठ्याला गेलो. भर उन्हात पातळ मांडवाखाली एक पुढारी पाऊण तास श्रद्धांजली वाहत होता. मांडव बघून आप्पांनी त्याचीही कीव केली असती. निघताना त्यांच्या मुलानं एक गाठोडं माझ्या हातात दिलं. वाघर होती. "म्हातारा म्हनला हुता, कागदवाल्याला द्या."

ती आता आमच्या युनियनच्या कार्यालयाच्या पत्र्यावर आहे, पाचटावर ताणलेली. आत थंड असतं, पण साहेबलोकांना मी तिथे बसवत नाही. निवेदन घेऊन त्यांच्या एसी केबिनमध्येही जात नाही. त्यांनाच दुपारी दोनला वस्तीवर, पाचट नसलेल्या पत्र्याच्या खोलीत चहाला बोलावतो. बहुतेक येत नाहीत. जे येतात, त्यांच्यामागे दार ओढून घेतो आणि मुद्द्याचं लगेच बोलत नाही.