बेटावरचा चंद्रोदय

“मला इथं कशाला आणलंस रे?” बोटीत बसल्यापासून मी गणपतीबाप्पाला हेच विचारत होते. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून पोळपाट-लाटणं हेच माझं. घोटीजवळच्या गावातून नाशिकला आले, इंदिरानगरात घरोघरी स्वयंपाक करू लागले. तिथल्या एका काकूंच्या भजनी मंडळाने अंदमानची सहल काढली आणि घरच्या चवीचं जेवण हवं म्हणून मलाही सोबत नेलं. धरणापेक्षा मोठं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं.

ते छोटंसं बेट मात्र असं, की जीवाची भीतीसुद्धा जरा वेळ बाजूला बसावी. पांढरी मऊ वाळू, काचेसारखं हिरवं-निळं पाणी, किनाऱ्यावर वाकलेली झाडं, आणि किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नाही. नातवंडं असलेल्या बायका साड्या खोचून लाटांशी शिवाशिवी खेळत होत्या. मी स्वयंपाकाचं निमित्त काढलं, तर काकू म्हणाल्या, “समुद्रात मीठ आधीच घातलंय गं, तू नुसती ये.” आणि ओढतच नेलं मला.

त्या दिवशी संकष्टी होती. चंद्र बघून, मोदकाचा नैवेद्य दाखवून मगच तोंडात पाणी घ्यायचं, हा काकूंचा लग्नापासूनचा नेम. त्यात त्यांना शुगर. निदान शहाळं तरी घ्या म्हणून सगळ्यांनी विनवलं, पण त्या ऐकतात कुठल्या! मी कॅलेंडरचं पान नाशिकहून आणलं होतं आणि त्यावरच्या चंद्रोदयाच्या वेळेप्रमाणे सगळं ठरवलं होतं. संध्याकाळी मोदकाच्या पिठाचा डबा उघडला, तर बोटीत पाणी शिरून पिठाचा लगदा झालेला. तिकडे किनाऱ्यावर बसलेल्या काकूंना घाम फुटला, हात कापायला लागले, तरी चंद्राआधी त्या काही घेईनात. मोठा दवाखाना समुद्रापलीकडे, बोट सकाळी. काय मागावं तेही सुचेना. एवढंच म्हणाले, “बाप्पा, आता तूच बघ.”

आम्ही उतरलो होतो त्याच्या शेजारच्या घरात दिवा दिसला, तिथं धावले. एक बंगाली बाई नारळ खवत बसली होती. माझी मोडकीतोडकी हिंदी ऐकून तिने लगेच तांदळाचं पीठ काढून दिलं. त्यांच्यातही पिठात गूळ-खोबरं भरून वाफवतात, हे मला काय माहीत! पीठ घेऊन मी निघाले. पानाप्रमाणे पुष्कळ वेळ होता, आणि आत्ताच केले तर गार नैवेद्य कसा दाखवायचा? दारात तिने माझा हात धरला.

“अभी बनाओ बेटी. चाँद निकलने ही वाला है.”

मी पान दाखवलं. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही, चुलीवर पाणी ठेवलं. कळ्या पाडत बसायला वेळ नव्हता, म्हणून मोदक तिच्या पद्धतीने नुसते दुमडले.

वाफाळतं भांडं घेऊन किनाऱ्यावर आलो, तर समोर पाण्यातून तांबूस चंद्र वर येत होता. काकूंनी बसल्या जागी अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला, घास घेतला. हळूहळू हातांचं कापणं थांबलं. “आज बाप्पाला मोदकाऐवजी करंजी मिळाली,” म्हणत त्या हसल्या आणि त्या बाईला शेजारी बसवून आपल्या हाताने भरवलं.

मागाहून कळलं, ते बेट इतकं पूर्वेला आहे की तिथं चंद्र-सूर्य नाशिकच्या बरेच आधी उगवतात, आणि पानावरची वेळ आपल्याकडची होती. असेल. तिथल्या माणसाला हे रोजचंच. पण त्या घरात दिवा नसता तर? मला दारात कुणी अडवलं नसतं तर? तो हात कुणाचा, याची चर्चा मी करत बसत नाही. नुसता नमस्कार करते.

काळजी करायचा माझा स्वभाव काही गेला नाही. पण बाप्पाकडे मागताना कधी आणि कसं दे, हे सांगणं मी सोडलं. मागते, आणि समोरचं काम करत राहते. तो येतो, त्याच्या वेळेला.