यमुनाबाईंचं यॉर्क

त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत फुटाण्यांचा वास आला नाही. मी अंगणात दात घासत होतो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते उमजत नव्हतं. तेवढ्यात कमल, म्हणजे माझी बायको, चुलीपुढून उठून दारात आली आणि म्हणाली, "आज यमुनाबाईची भट्टी काऊन नाई पेटली जी?" चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आतल्या अंगाला, परकोटाला, म्हणजे गावाच्या जुन्या तटाला, पाठ लावून यमुनाबाईंचं घर. घर कसलं, एक खोली, एक अंगण आणि अंगणाच्या तोंडाशी चणे-मुरमुरे भाजायची भट्टी. अख्खी गल्ली त्या वासावर उठायची. मी जाऊन पाहिलं तर दार नुसतं लोटलेलं होतं आणि बाई भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजलेल्या होत्या. भट्टीतली राख थंड होती. या गोष्टीला आता महिना-सव्वा महिना होईल. चांद्याबाहेर त्यांचं नाव कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण जी बाई उभ्या जन्मात वरोऱ्याच्या पलीकडे गेली नाही आणि जिनं विलायतेतलं एक शहर गल्लीबोळांसकट पाठ केलं, तिच्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

किसन हा त्यांचा एकुलता एक मुलगा. मी शाळेत मास्तर, तो माझ्याच हाताखाली शिकला. इंग्रजीत ढ, पण हातात पाना दिला की सायकल असो की पाण्याचा पंप, सुरू करूनच उठायचा. पुढं कोळशाच्या खाणीत फिटरच्या हाताखाली लागला. लढाईच्या दिवसांत सरकार कारखान्यातलं काम शिकायला काही तरुणांना विलायतेला धाडत होतं, त्यात याचा नंबर लागला. बाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. नवरा आधीच गेलेला, पोरगा एकच, आणि तोही समुद्रापार... जायच्या दिवशी तो पाया पडायला आला तेव्हा त्या भट्टीपुढं बसून चणे हलवत राहिल्या. मान वर केली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, मग ट्रंक उचलून स्टेशनकडे निघून गेला. वर्षभरानं सरकारी पत्र आलं. इंग्रजी वाचणारा गल्लीत मी एकटा, म्हणून ते माझ्याच नशिबी आलं. किसन छातीच्या आजारानं यॉर्क नावाच्या शहरातल्या इस्पितळात वारला होता. तिथल्या कुणा भल्या नर्सनं सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या की त्याच्या खाटेवरून मोठ्या चर्चच्या घंटा ऐकू यायच्या आणि त्या त्याला आवडायच्या. मी वाचून दाखवलं. बाई रडल्या नाहीत. "कुठी आहे जी हे यारक?" एवढंच त्यांनी विचारलं.

लढाई संपली, स्वराज्य आलं, माझे केस पांढरे व्हायला लागले. मला वाटलं, बाईंनी दुःख गिळलं. आणि एका रविवारी संध्याकाळी त्या पदराखाली फुटाण्यांचा पुडा घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसल्या. "मास्तर, मले चार दिवस यारकले जाऊन याचं आहे." मी हसलो. चारच दिवस का, म्हणून विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "चार दिवस भट्टी बंद राह्यली तं गिऱ्हाईक वाट पाह्यते. पाचव्या दिवशी ते दुसरीकडं जाते." मी म्हटलं, बाई, नुसत्या आगबोटीलाच तीन आठवडे लागतात. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "ते रस्त्याचं झालं. मी मुक्कामाचं बोलून राह्यली." मी शीघ्रकोपी माणूस आहे, हे माझे विद्यार्थी सांगतील. मी चिडून म्हणालो की पासपोर्ट लागतो, बोटीचं भाडं लागतं, ती काय मोहर्लीची बैलगाडी आहे? त्या ऐकून घेत होत्या. माझं बोलून झालं तसं म्हणाल्या, "ते तुमी पाहान. पण गाव कसं आहे ते तं सांगा."

आमच्या शाळेत एक इंग्रजी ज्ञानकोश होता. बाकीचे खंड वाळवीनं खाल्ले, शेवटचा तेवढा वाचला, आणि यॉर्क त्याच खंडात होतं. त्यात शहराचा नकाशा होता. बाईंनी एकदाचं गप्प बसावं म्हणून मी म्हणालो, "काही वेगळं नाही, आपल्या चांद्यासारखंच आहे. भोवती परकोट आहे, दरवाजे आहेत, नदी आहे." हे बोललो आणि फसलो. पुढच्या रविवारी त्या मला हाताला धरल्यासारखं करून आपल्या अंगणात घेऊन गेल्या. शेणानं सारवलेल्या जमिनीवर त्यांनी बोटानं गोल परकोट काढला होता. "दाखवा, कुठी काय आहे." मी काठीनं दाखवत गेलो. नदी गावाच्या मधून जाते म्हटल्यावर त्यांनी मला खुळ्यात काढलं. "मधातून? अन् पूर आला तं?" दरवाज्यांच्या जागी त्यांनी खापऱ्या मांडल्या. तिथं गल्ल्यांच्या नावात 'गेट' असतं आणि खऱ्या दरवाज्याला 'बार' म्हणतात, हे सांगितलं तेव्हा त्या थांबल्या. "गल्लीले दरवाजा म्हणतेत अन् दरवाज्याले बार? मंग बार उडवतेत तवा काय म्हणतेत?" असं म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या. किसन गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. शेवटी चर्चची जागा आली. फार उंच आहे, असं मी म्हणालो. बाई आत गेल्या आणि पाट्यावरचा वरवंटा घेऊन आल्या. काळाभोर, गुळगुळीत वरवंटा. तो त्यांनी मधोमध उभा केला आणि त्याच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "किसनाच्या बारशाले हाच होता पाळण्यात. त्याच्या आंधी याचंच नाव ठेवलं बायांनी." मी काठी खाली ठेवली.

मग काही वर्षं आमचे रविवार यॉर्कमध्ये गेले. गल्लीतली माणसं माझी चेष्टा करायची. "मास्तर, गाडी कितीची आहे?" म्हणून विचारायची. मीही वरवर त्रासायचो, पण शनिवारी खंड घरी आणायला विसरायचो नाही. बाईंनी जत्रेला जावं तसा सगळा बेत केला. पहिल्या दिवशी स्टेशनाकडच्या दरवाज्यातून शिरायचं आणि उतरायची सोय पाहायची. धर्मशाळा नसेल यावर त्यांचा विश्वास बसेना. "एवढं मोठं देवाचं ठिकाण अन् धर्मशाळा नाई? मंग येणारे-जाणारे कुठी राह्यतेत?" शिधा बरोबर न्यायचा, चूल मात्र तिथं मागायची. दुसऱ्या दिवशी इस्पितळ शोधायचं. कुठली खाट ते कुणी सांगेल, नाही सांगितलं तर बाहेरून भिंतीला हात लावायचा. तिसऱ्या दिवशी देवळात दिवा. त्यासाठी किसनाच्या गादीतला कापूस काढून एक लांब वात त्यांनी केव्हाच वळून ठेवली होती. चौथ्या दिवसापाशी मात्र आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, परकोटावरून चालत सगळं गाव पाहा, लोक लांबून त्यासाठी येतात. त्या मान हलवायच्या. "चौथा दिवस मले पाह्यजे." कशाला, म्हणून मी खूप खोदलं. एकदा वरवंट्याशेजारची माती बोटानं सारखी करत त्या म्हणाल्या, "त्याच्यासंग बोलाचं आहे. गेला तवा बोलली नाई ना मी... बसन तिथी अन् सांगन. त्याच्या मागं काय काय झालं ते. कोणाचं लगन झालं, कोण गेलं. सकाळपासून बसली तं सांजपर्यंत होईन." त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा बेत मी समजत होतो तसा वेडेपणा नव्हता. आणि तो कधीच पार पडणार नाही हेही मला ठाऊक होतं. ते ओझं मी कमललासुद्धा सांगितलं नाही.

गेल्या वर्षी गावातल्या डॉक्टरांचा अशोक पुढचं शिकायला विलायतेला निघाला. गुणी मुलगा. त्यानं लहानपणी बाईंचे फुटाणे खाल्लेले. त्याची आगगाडी यॉर्कवरूनच पुढं जाणार, असं त्याला कुठून तरी समजलं आणि तो आपण होऊन बाईंकडे गेला. "बाई, वात मले द्या. मी उतरतो तिथं अन् लावतो." गल्लीत सगळ्यांना आनंद झाला. कमलच्या तर डोळ्यांना पाणी आलं. देवाला जाणाऱ्यानं तुमची वात मागितली तर नाही म्हणता येत नाही, आमच्याकडे ती रीतच आहे. त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि ओंजळीत धरून ती वात त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. त्यांची ओंजळ नंतर कितीतरी वेळ तशीच उघडी राहिली होती.

अशोकचं पत्र हिवाळ्यात आलं. मी ते अंगणातच वाचून दाखवलं, कारण बाईंनी तसं सांगितलं होतं. तो शब्दाला जागला होता. तिथं तेलाचा दिवा चालत नाही, मेणबत्त्या असतात. तिथल्या म्हाताऱ्या सेवकाला त्यानं सगळी हकिकत सांगितली, तेव्हा त्या माणसानं स्वतः ती वात मेणबत्तीला गुंडाळून दिली आणि दोघांनी मिळून ती पेटवली. चांगली जळली, असं त्यानं लिहिलं होतं. गाडीची वेळ झाली म्हणून तो निघाला, तेव्हाही जळत होती. बाई वरवंट्याकडे बघत ऐकत होत्या. "घंटा वाजली काय?" त्यांनी विचारलं. मी पत्र पुन्हा वरून खाली पाहिलं. घंटेचं त्यात काही नव्हतं. "वाजली असेल," मी म्हणालो. "हाव," त्या म्हणाल्या, "वाजली असंन."

त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या नाहीत. खंड आणून ठेवला होता, कमलनं चहा टाकला होता. मीच उठून गेलो. अंगण नुकतं सारवलेलं होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साफ. परकोट नाही, नदी नाही, खापऱ्या नाहीत. बाई आत पाट्यापाशी बसून त्याच वरवंट्यानं मिरच्या वाटत होत्या. मी दारात उभा राहून विचारलं, "बाई, आज आपलं यॉर्क?" त्यांचा हात थांबला नाही. "झालं ना मास्तर काम. दिवा लागला." मी म्हणालो, "अहो, पण जायचं राहिलंच की." तेव्हा त्यांनी वर पाहिलं. रागानं नाही... दमलेल्या माणसासारखं. "दिव्याच्या निमितानं चालली होती जी. आता रिकाम्या हातानं कायले जाऊ?" मी हे अशोकला कधी कळवणार नाही. त्यानं जे केलं ते पोटच्या पोरानं करावं तसं केलं, आणि गल्लीनंही त्यांचं भलंच चिंतलं होतं. पण वात दुसऱ्याच्या हातून पाठवता येते, चौथा दिवस पाठवता येत नाही. हे बाईंना माहीत होतं. आम्हाला फार उशिरा कळलं.

त्या मग लवकर थकल्या. भट्टी आठवड्यातून दोन-तीनदाच पेटायची. गिऱ्हाईक खरंच दुसरीकडं गेलं आणि त्याचं त्यांना काही वाटलं नाही. कमल डबा घेऊन जायची तर म्हणायच्या, "ठेव माय, खाईन मंग." उन्हं तापायला लागली आणि एका सकाळी तो वास आला नाही. चितेला आग मीच दिली. जवळचं दुसरं कुणी नव्हतंच.

खोली रिकामी करताना गल्लीतल्या बायांनी चार भांडी वाटून घेतली. पाटा फुटका होता, तो तिथंच राहिला. वरवंटा कमलनं उचलून आणला. मला वाटलं, रोजच्या वापराला आणला असेल, पण त्यानं ती काही वाटत नाही. स्वयंपाकघरात देवांच्या कोनाड्याखाली तिनं तो उभा करून ठेवला आहे. मागल्या रविवारी संध्याकाळी मी सवयीनं ज्ञानकोशाचा खंड काढून बसलो होतो. काय पाहायचं ते सुचेना म्हणून नुसता मांडीवर धरला होता. कमल आतून आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आवो, त्याले सांगतलं काय कोणी?" "कोणाला?" मी विचारलं. "किसनाले. आई गेली म्हून."

मी तिच्याकडे पाहिलं. चेष्टा करण्याचा तिचा स्वभाव नाही. मी खंड मिटून ठेवला, आत गेलो, पाट घेतला आणि वरवंट्यासमोर बसलो. कुठून सुरुवात करावी ते समजेना. मग भट्टीपासून केली.