मामंजींशी बोललेलं पहिलं वाक्य

लग्नानंतर ठाण्यातल्या घरात सहा महिने मी सासऱ्यांशी एक शब्द बोलले नव्हते. आज माझी टकळी ऐकणाऱ्यांना हे पटत नाही! पण सुनेनं मामंजींसमोर तोंड उघडायचं नाही, असा घरचा रिवाज. मनाला काही लावून घ्यायचंही मी सोडून दिलं होतं. पेला ठेवायचा, मागं सरायचं.

पेल्यात गोखरूचा काढा. मामंजींना मूतखडा झालेला. कळव्याची एक कोळीण काटेरी गोखरू आणून द्यायची. "ठेच बाय, पन बोटां सांभाल," म्हणायची. मी ते ठेचून, वायवर्ण्याच्या सालीबरोबर उकळून चार पेल्यांचा एक करायचे. दुपारी कुळथाचं कढण. खडा पडला तर दिसावा म्हणून वैद्यांनी लघवी फडक्यातून गाळायला सांगितली होती. सासूबाई चष्मा लावून ते फडकं जवाहिऱ्याच्या थाटात तपासत.

महिना झाला, खडा नाही. मुंबईला ऑपरेशन ठरलं. मामंजींचे थोरले भाऊ त्याच ऑपरेशनला गेले होते, ते घरी आले नाहीत. पिशवी भरताना मामंजी एकाच पंच्याची पुन्हा पुन्हा घडी घालत होते.

निघायच्या सकाळी सासूबाई देवळात नवस बोलायला गेल्या. फडकं माझ्याकडे आलं. मळकं दिसलं की आधी पाणी ओतायचं, ही माझी सवय. बघायच्या आधी तांब्या रिकामा केला. टिक्! मसुरीएवढं काळपट काहीतरी फरशीवर उडालं आणि मोरीच्या भोकातून गेलं. मी कोपरापर्यंत हात घातला. नुसता गाळ.

भीती वाटायला हवी होती, लाजही. काहीच वाटलं नाही. तशाच हातानं ओटीवर गेले.

"मामंजी, खडा पडला."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, कोण बोललं म्हणून.

"कुठाय?"

"मोरीतून वाहून गेला."

"म्हणजे दाखवायला काही नाही?"

"नाही. पण मी पाहिला."

"सहा महिन्यांनी बोललीस, आणि हे!"

त्यांनी माझ्या ओल्या, गाळ लागलेल्या हाताकडे पाहिलं. मग पिशवीतलं सगळं बाहेर काढून पंचा खुंटीला अडकवला.

सासूबाई प्रसाद घेऊन आल्या. "अहो, टांगा यायचाय ना? पिशवी रिकामी कशी?"

"सूनबाईंना विचारा. बोलतात त्या."

संध्याकाळी मी पुन्हा गोखरू ठेचलं. थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मामंजींनी एक घोट घेतला.

"कडू आहे गं."

"रोज तसाच असतो," मी म्हटलं.

ते आमचं दुसरं बोलणं. कळ पुन्हा आली नाही.