सकाळची एसटी

मी पदवीपर्यंत पोहोचलो तो सुलाआत्यामुळे. ती गावी शेंगदाण्याची चटणी कुटते आणि सकाळच्या एसटीने शहरातल्या दुकानांना पाठवते. मी शिकत होतो तेव्हा त्याच गाडीने माझा जेवणाचा डबाही यायचा.

काल शहरातल्या स्टँडवर एक मुलगा कंडक्टरच्या हातून घरचा डबा घेताना दिसला. डबा अजून गरम आहे का, हे तो तळव्याने पाहत होता. मला आत्याचा परवाचा फोन आठवला. प्रवासी नाहीत म्हणून आमच्या गावची ती गाडी बंद होणार आहे. "टेम्पो घेऊ का रे? तू शिकलेला, तूच सांग," ती विचारत होती.

मागून तिचे यजमान म्हणाले, "धंदा केला एसटीने, नाव झालं हिचं."

"एसटी कधी पहाटे दाणे भाजायला आली नाही," आत्या म्हणाली.

मला दोघांचंही पटलं. गाडी साऱ्या गावाला होती, तरी चटणी एकट्या आत्याचीच शहरात पोहोचली. पण एका पिशवीसाठी आमच्या फाट्यावर तेव्हा कुठला खासगी गाडीवाला थांबला असता? सरकारची गाडी रिकामी असली तरी थांबायची.

फोनवर आत्या मला बोलू देत नाही, म्हणून घरी येऊन पत्र लिहिलं:

"आत्या, टेम्पो घे. आता तुला तो झेपेल. पण गाडी चालू ठेवा म्हणून गावातर्फे अर्जही कर, आणि त्यावर पहिली सही तुझी असू दे. उद्या गावात दुसरी कुणी चटणी कुटायला बसेल, तिच्याजवळ टेम्पो नसेल."