भोकरपाड्याच्या चार येसू

भोकरपाड्यावर आजवर चार येसू झाल्या. तिघी कधीच्या गेल्या, चौथी शहापूरच्या बाजारात बसते. पावसाळ्याच्या तोंडाला ती शेवळं ही रानभाजी विकते आणि सोबत काकडं, म्हणजे काकडाची आंबट फळं, घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही. काकडं न घालता भाजी केली तर घसा खाजतो आणि शिव्या विकणारीला बसतात, हे तिला पक्कं ठाऊक. तिचं तोंड बाजारात सगळ्यांना माहीत आहे. पण या तोंडाळ बाईला एका गोष्टीची जन्मभर भीती होती, आणि ती भीती तिच्या नावातच होती.

पहिली होती झऱ्याची येसू. विहीर आटली त्या साली ती डोंगरात ओल शोधत फिरली आणि उंबराखालची माती हातांनी उकरून तिनं पाणी काढलं. दुसरी घोड्याची. जंगलाच्या साहेबानं पाड्यावरचे सगळे कोयते उचलून नेले, तेव्हा हिनं त्याचा घोडा आपल्या अंगणात आणून बांधला आणि सांगितलं, कोयते द्या, घोडा न्या. साहेब चालत गेला आणि कोयते घेऊन चालत आला. या दोघींच्या गोष्टी पाड्यावर हळदीला रंगवून सांगतात.

तिसरीची गोष्ट मात्र आवाज उतरवून सांगतात. तापाच्या साथीत पाड्यावरची पोरं गेली. लोक म्हणाले, या येसूनं खाल्ली, ही भुताळी आहे. तिला नदीपार मुरबाडच्या अंगाला हाकलून दिलं. पुढं तिचं काय झालं, कोणी विचारलं नाही.

चौथी येसू परकर नेसायच्या वयाची असताना शेजारच्या गिरजाचा तान्हा भाऊ कडेवर घेऊन दिवसभर हिंडली. रात्री पोर तापलं. सकाळी ते बरंही झालं, पण गिरजाची आजी अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "येसू नदीपार गेली असं वाटलं, तर परत आली म्हणायची."

बाईनं बोलून टाकलं आणि विसरली. येसू विसरली नाही. पाड्यावर रीतच अशी, की पोर जन्मलं म्हणजे मेलेल्यांपैकी कोणीतरी घरी परत आलं. मग आपल्यात कोण आलं? त्या दिवसापासून तिनं दुसऱ्याचं तान्हं उचललं नाही. कोणाच्या पाचवीला गेली नाही, बारशाच्या घुगऱ्या दारातूनच घेतल्या. नवरा घरजावई म्हणून पाड्यावर आला. मुलगा झाला, सुरज. त्याला ती पाजण्यापुरती जवळ घ्यायची. न्हाऊमाखू तिच्या आईनं घातलं. लोकांना वाटायचं, बाई जरा कोरडी आहे.

सुरज मोठा झाला, आसनगावला गोदामात कामाला लागला. बायको आणली म्हसा गावची. रुपाली तिचं नाव, बोलायला चोख. यंदा तिला मुलगी झाली. शहापूरच्या दवाखान्यातून बाळबाळंतीण घरी आली, तेव्हा सासू दारात भाकरतुकडा ओवाळून बाजूला झाली. बाळाला हात लावला नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चुलीवर पाणी तापवून द्यायची, मेथीची पेज रटरटवायची, पण खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही.

चौथ्या दिवशी लाकडांची मोळी उतरवताना तिला आतलं बोलणं ऐकू आलं.

"पाचवी झाली की मी म्हशाला जाते," रुपाली सांगत होती. "पोरगी झाली म्हणून आजी तोंड बघत नाय. अशा घरात मी कशाला राहू?"

"पोरगी म्हणून नाय गो," सुरज म्हणाला. "आई तशीच हाय. मला पण तिनं कधी न्हाऊ घातलं नाय."

"मंग ते काय चांगलं झालं?"

येसू मोळी टेकवून तिथंच बसली. खरं सांगावं तर सून आजच पोर उचलून माहेरी पळेल. न सांगावं तर उद्याची पाचवी झाली की जाईल. बाजारात दहा जणींना पुरून उरणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात एक शब्द सापडेना.

पाचवीच्या संध्याकाळी भगीरथ भगत आला. नाव काढायला पितळेच्या थाळीत पाणी घेतलं, त्यावर तांदळाचे दोन दाणे अलगद तरंगत सोडले. एक दाणा बाळाचा, एक जुन्या माणसाचा. घरच्या थोरल्या माणसानं एकेक नाव सुचवायचं, भगतानं पुकारायचं. ज्या नावाला दाणे एकमेकांना लागतील ते बाळाचं नाव. इथं थोरली म्हणजे ठमी, येसूची आत्या. कंबरेत वाकली होती, पण आवाज खणखणीत. येसू कुडापलीकडे चुलीपाशी बसून ऐकत होती. एवढ्या जवळून नाव काढताना तिनं कळत्या वयात पहिल्यांदाच ऐकलं; सुरजच्या पाचवीलाही ती कानावर गोधडी ओढून पडली होती.

"जिवली," भगतानं पुकारलं. दाणे लांबच राहिले.

"गुणाबाई." एक दाणा सरकला आणि कडेला जाऊन लागला.

शेजारची मीना मधेच म्हणाली, "ती सोनी आजी राहिली ना. तिचं घ्या."

"तिचं नाय घ्यायचं," ठमी म्हणाली. "घराला आग लावून गेली ती."

"नाव घ्यायला काय जातंय आत्ये?"

"तुला कोणी शिकवलं नाय का गो? जी परत यावी असं घराला वाटतं तिलाच हाक मारायची. नको त्याला बोलवायला भगत काय येडा हाय?"

येसूनं हातातला चिमटा खाली ठेवला. ती उठली आणि ओल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"मंग मला कोणी बोलवलं?"

सगळे वळून बघायला लागले. ठमीनं डोळे बारीक केले. "म्हंजे?"

"माझी पाचवी झाली तवा. येसू म्हणून कोणाला हाक मारली?"

"मी होते ना तिथं. तुझा बापूस म्हणे झऱ्याची. माझी आय म्हणे घोड्याची. दोघांचं इतकं लागलं, भगत थाळी घेऊन उठायला लागला. शेवटी बापसानं हार खाल्ली. घोड्याची म्हणून पुकारलं आन दाणे टपकन लागले. बाजारात तुझं तोंड चालतं ते काय उगाच?"

मीना हसली. येसू हसली नाही. "आन ती तिसरी?"

"तिचं नाव कोण घेईल?" ठमी म्हणाली. "तशी ती तरी कसली भुताळी. तापानं मेली पोरं. लोकांना कोणाच्या तरी माथी मारायचं होतं."

"मला कोणी सांगितलं नाय आत्ये."

"तू कवा विचारलंस? पाचवी म्हटली की तू रानात. घरात बसली असतीस तर पोरासोरांना म्हाईत हाय ते तुला कळलं असतं."

येसूनं दाराची चौकट धरली. डोक्यावरून मोळी उतरावी तसं तिला हलकं वाटलं. मग तिनं गिरजाच्या आजीचं बोलणं सांगितलं, सगळ्यांसमोर, अडखळत. रुपालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण जीभ गप्प बसेना.

"एवढ्यासाठी? आन मी पिशवी भरून ठेवली."

"पिशवी राहू दे," येसू म्हणाली. "पोर दे इकडं."

तिनं बाळाला घेतलं, आणि घ्यायची सवय नसल्यानं मान नीट धरता येईना. ठमी ओरडली, रुपालीनं हात पुढं केला, पण येसूनं तिला कोपरानं मागं सारलं. भगीरथ थाळीजवळ तिष्ठत होता. "माझं काम आटपू का?" म्हणाला. पुढचंच नाव पुकारलं, रखमी, आणि दाणे लागले. कागदावर काय नाव लावायचं ते रुपाली आणि सुरज ठरवतील. घरात ती रखमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी येसू बाजारात गेली नाही. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसली, पायांवर रखमीला पालथं घातलं आणि तेल जिरवायला लागली. रुपाली दारात उभी राहून सांगत होती, पाणी जास्त कढत आहे, कानात जाईल, असं नका, तसं धरा.

"म्हशाचं शहाणपण तिकडं ठेव," येसू म्हणाली. "आन तांब्या दे."