उदेभानदादाची कियांती

माझा मोठा भाऊ उदेभान इटलीले कधी गेला नाही. सालेकसा टेशनावर गाडीत बसला अन् भोपाळकडं उतरला, एवढाच त्याचा परदेश. लढाईच्या दिवसांत तिकडं इटालियन कैद्यांची छावणी होती, तिथल्या रांधणीखोलीत दादा लाकडं फोडत होता. पण इंग्रज गेला त्या साली गावात परत आला, तर चालण्यातच इटली. घरी आम्ही सारे गोंडी बोलून राहिलो, अन् हा आंबील पिऊन "बोनो" म्हणे, म्हणजे झकास.

सोबत एक बाटली आणली होती. बाटली भोपाळच्या बाजारातली, अन् आत काहीच नाही. बाहेरून मात्र लुईजी नावाच्या कैद्यानं तिले धानाच्या तणसाचा झगा विणून दिला होता, त्याच्या गावी दारूची बाटली अशीच राहते म्हणून. दादानं ती देवाजवळ ठेवली. मी म्हटलं, "रिकाम्या बाटलीले कायले पुजतं?" तर म्हणे, "मंगली, तुले जग माहीत नाही."

मग ते जग तो रोज सांजेले सांगे. लुईजी तोस्काना मुलखातला. तिथं डोंगरउतारावर घरोघरी द्राक्षाच्या वेली, अन् कियांती नावाची लाल दारू. ती एका द्राक्षाची होतच नाही. सांजोवेझे नावाचं काळं द्राक्ष मुख्य, पण एकटं ते आंबट अन् करकरीत. त्याले नरम करायले कानायोलो नावाचं दुसरं काळं, अन् वरून थोडं पांढरं. कोणतं किती, ते जो तो आपल्या बापाच्या अंदाजानं ठरवते. थोडी द्राक्षं सुकवून ठेवायची अन् दारू निवली का त्यात सोडायची, म्हणजे ती पुन्हा खदखदते अन् लवकर पिण्याजोगी होते. हे सांगताना लुईजी रडे म्हणे. दादाले वाटलं, दारूच तेवढी भारी असंल. घराच्या आठवणीनं माणूस रडते, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरी मोहाची दारू बंद. मोहाची म्हणजे जंगलीपणा, असं तो म्हणे, अन् अंगणातल्या मोहाची फुलं मी वेचून दुसऱ्याले देत राहिली. वहिनी आधीच वारली होती, नाहीतर तिनंच याले सरळ केलं असतं. दादानं काळ्या द्राक्षाच्या जागी जांभूळ घेतलं, पांढऱ्याच्या जागी हिवाळ्यात वाळवून ठेवलेली बोरं. अन् अर्धी जांभळं अंगणात बांबूच्या तट्ट्यावर सुकायले टाकली. आषाढात! वरून पाऊस, खालून चिखल, मधात माझा भाऊ सूप धरून उभा. जांभळांवर हिरवी बुरशी आली. म्हणे, "इटलीतही येत असंल." दर साली हेच. जे निघे ते इतकं आंबट, का त्यात लोणचं घातलं असतं तर टिकलं असतं.

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. पण त्याची एकुलती लेक फुलवंता मोठी झाली, अन् तेंदूच्या फडावर पानं मोजता मोजता शेजारच्या गावच्या पुनारामच्या पोराशी, भोजराजशी, तिचं मन जुळलं. पोरगा गुणाचा होता. पोरीनं मले साफ सांगितलं, "आत्या, दुसरीकडं देलं तर मी जात नाही." पुनारामही राजी होता. राहिली फक्त सोयरीक पक्की करायची बैठक.

आमच्याकडं सोयरीक तोंडानं पक्की होत नाही. पोराकडचे आपल्या घरची मोहाची आणतात, पोरीकडचे आपल्या घरची काढतात, अन् दोन्ही एका मडक्यात ओततात. पहिले थेंब जमिनीवर, थोरल्यांच्या नावानं. मग दोघं व्याही त्याच मडक्यातली पितात, अन् मग पोरगी दिली असं समजायचं. मी दादाच्या पाया पडली, "एक दिवस मोहाची काढू दे." तो म्हणे, "माझ्या लेकीच्या सोयरिकीले कियांतीच निंघंल."

पुनाराम आला. पानानं तोंड बांधलेलं आपलं मडकं त्यानं सोडलं अन् मधात ठेवलेल्या दादाच्या मडक्यात आपली ओतायले लागला, तर दादानं हात आडवा घातला.

"सोयरे, यात मोह पडला का इटलीची जात बिघडते. आज नुसती हीच पिऊ."

 पुनारामनं मडकं पुन्हा बांधलं अन् उठला. आवाज चढवला नाही त्यानं. "माझ्या घरची दारू तुझ्या दारूत चालत नाही, तर तुझी लेक माझ्या घरात कशी चालंल?"

दादानं देवाजवळची बाटली उचलून उराशी धरली.  मले त्याचा असा राग आला, का ती बाटली त्याच्याच टाळक्यात घालावी.

तेवढ्यात फुलवंता आतून आली. बापाले म्हणे, "बाबा, ते लुईजी काय सांगत होते? एका द्राक्षाची होत नाही, एकटं आंबट राहते. मग तुमची काऊन एकटी?" उत्तराची वाट पाहिली नाही तिनं. पुनारामच्या हातातलं मडकं घेतलं, दोन्ही दारू एकात ओतल्या, थेंब जमिनीवर सोडले अन् पानाचा दोना त्याच्यापुढं धरला.

पुनारामनं तिच्याकडं पाहिलं, अन् एका दमात प्याला. डोळे मिटले, कान हलले, बराच वेळ श्वासच घेतला नाही. आम्हाले वाटलं, गेला.

मग दोना खाली ठेवून म्हणे, "पोरगी आमची झाली. दारू तुझी तूच ठेव."

सारी बैठक हसली. दादा मात्र आपल्या वाटणीचा दोना मान खाली घालून प्याला. पुढं फुलवंता नांदायले निंघाली, तेव्हा त्यानं तणसाच्या झग्याची ती बाटली तिच्या गाठोड्यात ठेवली. भरलेली होती. मी म्हटलं, आता हिच्या सासरीही ते जांभूळ? बूच काढून वास घेतला. मोहाची होती, अंगणातल्या झाडाची, पहिल्या धारेची. कधी काढली, मले पत्ता नाही. दादा बैलगाडीमागं नाल्यापर्यंत गेला अन् लुईजीसारखा रडत परत आला.