मैनाबाईच्या वहाणा

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. नागपूरहून हुकूम आला आणि ह्यांची बदली हिवरखेडच्या शाळेवर झाली. माझ्या ट्रंकेत पुठ्ठा निखळलेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. दुपारी शेजारच्या बायका वाती वळायला जमत, तेव्हा मी ती मराठीतून सांगायची. एका खलाशाला त्याचाच सोबती ओसाड बेटावर टाकून देतो, जहाज घेऊन पळतो. खलाशी होडी बांधून बदला घ्यायला निघतो.

मैनाबाईच्या हातातली वात मात्र अर्धीच राहायची.

"मास्तरीणबाई, काई गाळू नका हं. सापडला का थो हरामखोर?"

"अजून नाही."

"सापडन. जाते कुठी!"

तिला एवढी घाई का, ते गावाला ठाऊक होतं. मैनाबाई जातीची बारी, विड्याच्या पानांचा पिढीजात मळा. नवरा वामनराव गेल्यावर चुलत दीर सहदेव मळा मागायला आला. "बाईमाणसाच्यानं पानमळा होत नाई, वयनी," म्हणाला. तिनं दिला नाही. थोड्याच दिवसांत तिच्या साऱ्या वेलींनी माना टाकल्या. एकूण एक वेल बुडाशी कापलेली.

"रानडुकरानं केलं असन," सहदेव म्हणाला.

"डुकराच्या हाती इळा कोनं देल्ला?" मैनाबाईनं भर बाजारात विचारलं. पण पाहिलेलं कोणी नव्हतं. पाटलानं हात झटकले. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या मळ्यांत मजुरीनं पानं खुडत होती, आणि तिचा स्वतःचा मळा उघडा पडला होता.

शेवटच्या प्रकरणात खलाशी शत्रूचं जहाज पेटवून देतो. बायका खूश झाल्या. मैनाबाई उठली, पदर खोचला.

"मैनाबाई, अहो, ही नुसती गोष्ट आहे," मी म्हटलं.

"गोष्ट ऐकली ना म्या. आता माहं काम करतो."

दुसऱ्या दिवशी बाजार. सहदेवाचं घरदार बाजाराला गेलेलं. ती इळा घेऊन सरळ त्याच्या मळ्यावर गेली. पुढचं सारं तिनंच मला सांगितलं.

"पयल्या वेलीले इळा लावला, बाई. तं शेंडा खाली लोंबून राहिला होता. म्या पयले थो बांधला."

"कापायच्या वेलीचा?"

"हात आयकते का? लहानपनापासून तेच केलं त्याइनं." मग म्हणाली, "बांधता बांधता ध्यानात आलं. ह्या वेली आमच्याच. सहदेवानं मळा लावला तवा लावाले शेंड्याचं बेनं माह्या मालकानंच देल्लं होतं, सोताच्या हातानं कापून."

ती वेल बांधत होती तेवढ्यात सहदेव विसरलेली टोपली न्यायला परतला. फाटकाबाहेर वहाणा दिसल्या, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या. पानमळ्यात वहाणा घालून बारी जात नाही; ही मळा उजाड करायला आली, तरी बाहेर काढूनच आत गेली होती.

"वयनी, वहाणा ओयखल्या म्या," तो ओरडत आत आला. तिच्या हातातला इळा पाहिला आणि जागीच थांबला.

"कापाले आली होती. तुमी कापल्या तशा, बुडातून."

सहदेव एक पाऊल मागं सरला. नाही म्हणाला नाही.

"आता बुडातून नाई कापत. शेंडे कापतो. माह्या मालकाचं बेनं हाये, ते नेतो. आन भारा तुमी उचलून देसान माह्या डोक्शावर."

मागणाऱ्या बाऱ्याला बेण्यासाठी नाही म्हणायचं नाही, अशी त्या घराण्याची रीत. सहदेवानं भारा उचलून दिला. फाटकापाशी तिला वाकता येईना, तेव्हा वहाणाही त्यानंच पायाशी सरकवल्या.

मळा पुन्हा उभा करताना तिचे तळहात सोलवटले. पण उभा केला. पहिली पानं घेऊन ती बाजारात गेली ती थेट सहदेवाच्या शेजारी बसली.

"घ्या, सहदेवभाऊजीच्या मळ्यातल्या बेन्याचं पान! त्याइनं ते काहून देल्लं, ते त्याइलेच पुसा!"

सहदेव मान खाली घालून आपल्या पानांवर पाणी शिंपडत राहिला. जागा बदलता येईना. बापापासूनची बसायची जागा ती. मैनाबाई दर बाजारी त्याच्या आधी येऊन बसायची, पानं मांडायची आणि तो यायची वाट पाहायची.